पिलू घेण्याआधी आई-बाप पाहा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बियाणे, खते, फवारणी या विषयांवर आपण नेहमी ऐकता. आज आखाड्यावरच्या कुत्र्याविषयी बोलायचे आहे. सोयाबीनची बनीम लागली किंवा उकडलेली हळद वाळत पडली की रात्रीच्या राखणीचा प्रश्न येतो. विहिरीवरची मोटार, केबल, गोठ्यातल्या शेळ्या यांची काळजी तर बारा महिने असते. राखणीला माणूस मिळत नाही. मग कोणीतरी सुचवतो, एक चांगले पिलू आणून बांधा. आपण बाजारातून किंवा ओळखीने एक पिलू घेऊन येतो. वर्षभराने ते कुत्रे एक तर चोराला पाहून आधी पळते, नाही तर शेजाऱ्याच्या शेळीवर जाते, आणि सर्वांत वाईट म्हणजे घरातल्या किंवा सालगड्याच्या लेकराला चावते. हे सारे नशिबावर सोडण्याचे कारण नाही. पिलू घेण्याआधी दोन-तीन तास नीट खर्च केले तर यातील पुष्कळ गोष्टी आधीच टाळता येतात. त्या कशा, एवढेच आज सांगणार आहे.

बैल घेताना पाहता तसेच पाहा

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात खोंड घेताना आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. मारका आहे का, बुजरा आहे का, जुवाखाली बसतो का, हे विचारतो आणि खोडीची बोली करून घेतो. देवणीचा खोंड असेल तर तो वानेरा, बालंक्या की शेवरा हे सांगणारी जाणती माणसे आजही आपल्या भागात आहेत. लाल कंधारी कालवड घ्यायची तर तिच्या आईचे दूध आणि स्वभाव पाहिल्याशिवाय आपण पैसे मोजत नाही. आई धार काढू देत नसेल, लाथा झाडत असेल, तर कालवड कितीही देखणी असली तरी आपण मागे सरतो.

हीच नजर कुत्र्याच्या पिलापुढे मात्र कुठे जाते कोणास ठाऊक. तेथे आपण रंग पाहतो, पंजा जाड आहे का पाहतो आणि पिलू गोंडस दिसले की पिशवीत घालून आणतो. त्याची आई कशी, बाप कसा, ते वाढले कुठे, हे विचारतही नाही. खोंड आवडला नाही तर पुढच्या बाजारी विकता येतो. चावरे कुत्रे कोणी विकत घेत नाही. ते रस्त्यावर सोडले जाते आणि मग साऱ्या गावाचा उपद्रव होतो.

आपल्या भागातील कारवान

लातूर जिल्ह्यात आणि आजूबाजूच्या भागात कारवान हे शिकारी बांध्याचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते. चाकूर तालुक्यातील जानवळचे नाव या कुत्र्यांसाठी घेतले जाते. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, उंच पाय अशी याची ठेवण. कानांवर व शेपटीवर रेशमासारखे लांब केस असलेल्या कुत्र्याला आपल्याकडे पश्मी म्हणतात. कर्नाटकात याच वळणाच्या कुत्र्याला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची विशेष जोपासना केली. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये त्याचे तिकीट काढले. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे त्याची जात म्हणून नोंद झालेली आहे, आणि केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था त्याला कारवान हाउंड या नावाने नोंदते.

हे कुत्रे नजरेने सावज हेरून पळत गाठणारे आहे. ते अनोळखी माणसाशी फारसे सलगी करत नाही, अंगाला हात लावून घेत नाही. हा त्याचा दोष समजू नये, तो जातीचा स्वभाव आहे. पण अलिप्त असणे वेगळे आणि भित्रे असणे वेगळे. सारी पारख याच फरकात आहे.

आधी काम ठरवा

कुत्रे कशासाठी हवे हे आधी घरात बसून ठरवा. आखाड्यावर चाहूल लागताच भुंकून जागे करणारे हवे, की शेळ्या-मेंढ्यांबरोबर रानात राहणारे हवे, की वस्तीवर लेकराबाळांत वावरणारे हवे? कारवान पळणाऱ्या वस्तूमागे धावतो. ज्याच्याकडे मोकळ्या कोंबड्या आणि शेजारी शेळ्यांचा कळप आहे, त्याने याचा विचार करावा. आपल्या घरच्या शेळ्यांत लहानपणापासून वाढलेला कारवान त्यांना त्रास देत नाही असे पुष्कळदा दिसते, पण परक्याच्या शेळीबाबत तशी खात्री धरता येत नाही. शेळ्यांच्या राखणीसाठीच कुत्रे हवे असेल, तर ज्या धनगराचे किंवा शेळीपालकाचे कुत्रे कळपात शांतपणे राहते, त्याच्याकडचे पिलू बरे. शिकारीसाठी कुत्रे पाळण्याचा विचारही करू नका. ससा असो की काळवीट, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे.

स्वभाव रक्तातून किती, सांभाळातून किती

स्वभाव दोन्हींतून येतो. अमेरिकेत बार हार्बर येथील संशोधन केंद्रात स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी पाच जातींची कुत्री व त्यांचे संकर अनेक वर्षे सांभाळून अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाला बुजण्याचा स्वभाव आई-बापाकडून पिलात उतरतो, हे त्यात दिसून आले. दुसरी गोष्ट अशी की, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या मनाची घडण होण्याचा असतो. या काळात ज्याला माणसाचा हात, लेकरांचा आवाज, जनावरांची ये-जा माहीत होते, ते पिलू पुढे बुजत नाही. त्याच केंद्रातील प्रयोगात १४ आठवडे माणसापासून दूर ठेवलेली पिले पुढे रानटी जनावरासारखी वागू लागली.

आई यात दुप्पट महत्त्वाची आहे. निम्मे रक्त तिचे, आणि पहिल्या आठ आठवड्यांचा सहवासही तिचाच. माणूस दिसताच आई कोपऱ्यात दडत असेल, तर पिलेही तेच शिकतात. म्हणून आई न पाहता पिलू घेऊ नये.

आईची पारख

विकणाऱ्याच्या घरी किंवा आखाड्यावर जा. आई बाजूला नेऊन केवळ पिले समोर आणून ठेवत असेल तर आग्रहाने आईला पाहायला मागा. मग पुढीलप्रमाणे निरीक्षण करा.

१. जाताच हात पुढे करू नका. दहा-पंधरा पावलांवर उभे राहून मालकाशी बोला. आई भुंकेल, ते चांगलेच आहे. भुंकताना ती जागेवर उभी राहते की शेपूट पोटाखाली घालून मागे मागे सरते, ते पाहा. मागे सरत भुंकणारे आणि पाठ फिरवताच पोटरीला धरायला येणारे कुत्रे भीतीने चावणारे असते. हे सर्वांत धोक्याचे.

२. मालक आपल्याशी मोकळेपणाने बोलू लागल्यावर ती शांत होते का? दहा-पंधरा मिनिटांत चांगल्या स्वभावाची कुत्री बसते, फार तर आपल्यावर नजर ठेवते. तेवढ्या वेळानंतरही तोंडाला फेस येईपर्यंत ओरडत असेल तर विचार करा.

३. अंगावर पिले असताना कोणतीही आई थोडी कडक होते. तेवढ्यावरून तिला नापास करू नका. दुसऱ्यांदा जा आणि पिले दूर असताना, मोकळ्यावर तिला पाहा.

४. पत्र्यावर काठी आपटली किंवा मोटारसायकल सुरू झाली तर ती दचकेल. दचकणे हा दोष मानू नये. किती वेळात सावरते ते पाहा. घटकाभर खाटेखालून बाहेर न येणारी आई रात्रीच्या राखणीला निर्भय पिले देईल ही आशा धरू नये.

५. मालकाच्या घरातील लेकरू तिच्याजवळून गेले तर ती काय करते? मालक तिच्या ताटलीला हात लावू शकतो का? त्यालाच हात लावून दाखवायला सांगा, आपण लावू नका.

६. घरच्या शेळ्या, वासरे, कोंबड्या यांच्यात ती कशी वावरते ते पाहा. नजर रोखून, अंग ताठ करून कोंबडीकडे पाहत असेल तर समजून घ्या.

बापाला विसरू नका

पुष्कळदा बाप दुसऱ्या गावचा असतो. तो कोणाचा ते विचारा आणि शक्य तर तेथे जाऊन या. नर नुसता शर्यतीत पळतो, देखणा आहे, एवढ्यावर लावलेला असतो. त्याने कोणाला चावा घेतला आहे का, हे मालकापेक्षा शेजाऱ्याला, दूधवाल्याला, सालगड्याला विचारा. ती माणसे खरे सांगतात.

आई आणि बाप यांचे आपसात नाते काय, हेही विचारा. चांगल्या नराची जात टिकावी म्हणून बाप-लेक किंवा भाऊ-बहीण असा संयोग काही जण करतात. जनावरांत जवळच्या नात्यातील पैदाशीचे तोटे आपण जाणतो. कुत्र्यातही तेच होते. पिले कमी होतात, अशक्त निघतात आणि दडलेले दोष वर येतात. दुसरे असे की, अधिक वेग यावा म्हणून काही ठिकाणी कारवानचा ग्रेहाउंडशी संकर करतात आणि पिलू शुद्ध कारवान म्हणून विकतात. नोंदणीचा कागद असल्यास जरूर पाहा. पण कागद वंश सांगतो, स्वभाव सांगत नाही हे ध्यानात ठेवा.

पैदासकाराची पारख

प्राणी क्रूरता प्रतिबंधक (श्वान पैदास व विक्री) नियम, २०१७ नुसार कुत्र्यांची पैदास करून विक्री करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. मादी किमान १८ महिन्यांची असावी, आठ वर्षांच्या पुढे तिची पैदास करू नये, वर्षात एकापेक्षा अधिक वेत घेऊ नये आणि आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकू नये, असे हे नियम सांगतात. या नियमांवरूनच विचारायचे प्रश्न तयार होतात.

१. मादीचे वय काय? हे कितवे वेत? मागचे वेत कधी झाले?
२. पिले कोणत्या तारखेला झाली?
३. जंताचे औषध कधी व कोणते दिले? लस कोणी टोचली? कार्ड कोठे आहे?
४. मागच्या वेतातील पिले कोणाकडे आहेत? त्यांतील दोन घरांची नावे द्या.
५. पिले रात्री कोठे असतात, दिवसा कोण हाताळते?
६. पिलू जमले नाही तर परत घ्याल का?

चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. त्याच आई-बापांची दोन वर्षांची झालेली पिले पाहिली की आपल्या पिलाचे पुढचे रूप समोर दिसते. नावे सांगायला टाळाटाळ होत असेल तर उठून यावे.

जागाही पाहा. अंधाऱ्या खोलीत, ओल्या फरशीवर, लोकांपासून दूर कोंडलेल्या पिलांचे पुढे जमणे अवघड असते. अंगणात, घरच्या माणसांच्या पायांत वाढलेली पिले पसंत करा. आणखी एक खूण सांगतो. चांगला पैदासकार आपल्यालाही प्रश्न विचारतो. कुठे बांधणार, काय खाऊ घालणार, घरी लहान लेकरे आहेत का, दिवसभर साखळीवर ठेवणार का? असे विचारणाऱ्याचा राग मानू नका. त्याला पिलाची काळजी आहे.

जत्रा-बाजारातील पिलू

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आपणा सर्वांना ठाऊक आहे. मार्गशीर्षात भरणाऱ्या या यात्रेत घोडे, गाढवे, उंट, गाई-बैल येतात आणि श्वान प्रदर्शनही भरते. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्र्यालाही मान आहेच. या यात्रेला जरूर जा. वाढलेली कुत्री पाहा, गर्दीत कोणते शांत उभे राहते, कोणते थरथरते ते न्याहाळा, पाळणाऱ्यांशी बोला, गावाचे नाव विचारून घ्या. नजर तयार करायला यासारखी शाळा नाही. पिलू मात्र तेथे न घेता नंतर त्याच्या गावी जाऊन घ्यावे.

याची दोन कारणे. एक, गर्दीत आणलेली पिले पुष्कळदा आईपासून लवकर तोडलेली असतात. दात पाहिले की वय कळते. समोरचे दुधाचे दात साधारण चौथ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात, आणि सर्व दुधाचे दात सहा ते आठ आठवड्यांत येतात. दाढा आल्या नसतील तर पिलू दोन महिन्यांचे नाही हे नक्की. दुसरे कारण पार्व्हो हा रोग. याची लागण झाल्यावर तीन ते सात दिवस, कधी त्याहून अधिक दिवस पिलू बाहेरून चांगलेच दिसते. मग उलट्या, रक्ताची हगवण सुरू होते आणि लस नसलेली पिले झपाट्याने दगावतात. हा विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो. म्हणजे त्या जागी आणलेले पुढचे पिलूही धोक्यात येते.

पिलू निवडताना

आई-बाप आणि माणूस पसंत पडल्यावरच पिलांकडे वळा. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, शेपटीखालची जागा कोरडी, चाल सरळ असावी. हाडे दिसत असून पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असेल तर जंत समजा. सर्वांना ढकलणारे आणि कोपऱ्यात दडून बसणारे, अशी दोन्ही टोके सोडून मधले पिलू घ्या. एका दिवसाच्या परीक्षेवरून पिलाचा पुढचा स्वभाव नेमका सांगता येत नाही, म्हणून तर आई-बाप पाहण्यावर एवढा भर दिला.

घरी आणताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पार्व्हो व डिस्टेंपर यांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते व तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास द्या आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवा. उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, अडचणीच्या प्रसंगी तेथे सल्ला मिळतो.

चांगल्या रक्ताचे पिलूही दिवसभर आखूड साखळीवर ठेवले तर चिडके होते. लेकरांना हाताळू द्या, माणसांत फिरवा, ट्रॅक्टरचा आवाज, बाजाराचा रस्ता ओळखीचा करा. आई-बापांकडून आलेली पुंजी आपणच वाढवायची किंवा घालवायची असते.

जबाबदारी मालकाचीच

आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होणार नाही याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. शिक्षेपेक्षाही मोठी गोष्ट रेबीजची आहे. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. कोणतेही कुत्रे, अगदी लहान पिलू चावले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद काहीही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या आणि सांगितलेले सर्व डोस पूर्ण करा.

शेवटी एक गोष्ट. देवणी आणि लाल कंधारी आजवर टिकली, कारण घेणारे गिऱ्हाईक जाणते होते. त्याने काम पाहिले, आई पाहिली, स्वभाव पाहिला. म्हणून विकणाऱ्यानेही तेच जपले. कारवानच्या बाबतीत आपण केवळ रंग आणि वेग विचारू लागलो, तर विकणारा रंग आणि वेगच वाढवील, स्वभाव मागे पडेल. आपण आई दाखवा म्हणालो, तर पुढच्या वेताला तो चांगल्या स्वभावाची आई निवडील. एवढे आपल्या हातात आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी पिलू पुढे केले, तर हात लावण्याआधी एवढेच विचारा, "याची आई कुठे आहे?"